बुग्याल की शोला-गवताळ टेकड्या: पक्षिगणनेचा हंगाम कुठे द्यावा?

पर्वतीय कुरणांमध्ये पक्षिगणना करण्यासाठी एक हंगाम द्यायचा ठरवला की लगेच जागेचा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रातून जाणाऱ्या विद्यार्थ्यासमोर व्यवहारात दोन मोठे पर्याय असतात. एक म्हणजे गढवालमधील बुग्याल, अर्थात वृक्षरेषेच्या (झाडे ज्या उंचीपर्यंत वाढतात तिच्या) वर पसरलेली गवताची कुरणे. दुसरा म्हणजे निलगिरी, पळणी आणि अण्णामलाई डोंगरांतील, शोला जंगलांच्या (खोलगट भागांतील ठेंगण्या सदाहरित रानांच्या) मधल्या गवताळ टेकड्या. साताऱ्याच्या पठारांचा तिसरा पर्याय आहे, परंतु त्याचे स्वरूप वेगळे असल्यामुळे त्याकडे शेवटी येऊ. हा आढावा प्रकल्प साहाय्यक म्हणून जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आणि पदव्युत्तर प्रबंधाची जागा निवडणाऱ्यांसाठी आहे.

पक्षी किती दिसतील यावरून जागा निवडण्याची सवय आपल्याला पक्षिनिरीक्षणाच्या छंदातून लागलेली असते. गणनेचा हिशोब वेगळा असतो. ठरलेल्या बिंदूवर, म्हणजे मोजणीसाठी आधी निश्चित केलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, बऱ्या हवामानात पोहोचता येईल अशा सकाळी हंगामात किती मिळतात, यावर सगळे काम उभे असते. एकाच बिंदूला तीन-चार भेटी दिल्याशिवाय ‘पक्षी तिथे नव्हता’ आणि ‘पक्षी होता, पण आपल्याला कळला नाही’ यांतला फरक करता येत नाही, आणि हा फरक न करता आलेली नोंदवही म्हणजे केवळ पाहिलेल्या पक्ष्यांची यादी ठरते. त्यामुळे पुढील तुलनेत मी पक्ष्यांपेक्षा सकाळींना अधिक वजन दिले आहे.

हंगाम आणि सकाळी

गढवालचे उदाहरण म्हणून केदारनाथ वन्यजीव अभयारण्याला लागून असलेला चोपता-तुंगनाथ परिसर घेऊ, कारण रस्त्यावरून पायी एका दिवसात वृक्षरेषा ओलांडता येते अशा मोजक्या जागांपैकी तो एक आहे. चोपता साधारण 2,700 मीटरवर आहे, तुंगनाथचे मंदिर 3,600 मीटरच्या आसपास आणि चंद्रशिलेचे शिखर त्याच्याही वर. एप्रिलमध्ये वरच्या उतारांवर बर्फ असतो आणि जूनच्या अखेरीस मोसमी पाऊस येतो. म्हणजे विणीच्या काळातील खरी गणना मेच्या मध्यापासून जूनच्या शेवटापर्यंत, जेमतेम सहा आठवड्यांत उरकावी लागते. त्यातही पहिले दोन आठवडे फसवे असतात. बर्फ वितळत मागे सरकतो तसतसे गुलाबी तिरचिमणी आणि अ‍ॅक्सेंटर यांसारखे पक्षी त्या ओल्या कडेवर चरायला गोळा होतात. त्यामुळे एखाद्या बिंदूवर या आठवड्यात वीस पक्षी आणि पुढच्या आठवड्यात दोन, असे आकडे मिळतात आणि त्यांचा घरटी करणाऱ्या जोड्यांच्या संख्येशी फारसा संबंध नसतो. प्रत्येक भेटीत बिंदूभोवती किती टक्के बर्फ आहे याची नोंद ठेवली नाही, तर हे आकडे नंतर कोणालाच उलगडत नाहीत.

जूनच्या आरंभी तिथे सूर्योदय सव्वापाचच्या सुमारास होतो आणि पक्षी त्याच्या बरेच आधी गाऊ लागतात. दहाच्या आत बहुधा दरीतून ढग वर चढू लागतात. म्हणून उजाडताना माणूस कुरणात उभा असला पाहिजे, आणि येथे मुक्कामाचा प्रश्न येतो. उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 साली बुग्यालांमध्ये रात्रीच्या मुक्कामास मनाई केली. पर्यटकांच्या गर्दीने तुडवल्या जाणाऱ्या कुरणांचा विचार करता हा निर्णय योग्यच होता. परंतु त्याचा अर्थ असा, की तंबू बिंदूशेजारी लावू आणि पहाटे बाहेर पडू, ही पुस्तकी योजना येथे गृहीत धरता येत नाही. तुंगनाथच्या मंदिराजवळच्या धर्मशाळेत राहायचे, किंवा चोपत्याहून पहाटे तीनला विजेरी घेऊन चढायचे, असे दोनच मार्ग उरतात. दुसरा मार्ग सलग आठवडाभर निभावणारी व्यक्ती मोजणीच्या वेळी किती जागी असते, हा प्रश्न प्रकल्पप्रमुखाला अवश्य विचारावा.

दक्षिणेत चित्र बरेच सौम्य आहे. मार्च ते मे हा काळ कामाचा. दुपारी वळीव कोसळतो, परंतु सकाळी बहुधा मोकळ्या मिळतात. नैर्ऋत्य मोसमी पाऊस जूनमध्ये आला की निलगिरीतील मुकुर्तीसारख्या पश्चिम कडेवरील भागात वारा आणि धुके यांमुळे गणना जवळजवळ अशक्य होते. तरीही तीन महिने हाती राहतात, आणि निलगिरी तिरचिमणी बारमाही तेथेच राहणारी असल्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, दहिवर पडणाऱ्या सकाळी का होईना, विणीबाहेरची तुलनात्मक गणनाही करता येते. बुग्यालांत हे शक्य नाही. हिवाळ्यात तेथील बहुतेक पक्षी खाली उतरलेले असतात आणि माणसालाही तिथे काम नसते. एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी: केरळमधील एरविकुळम राष्ट्रीय उद्यान निलगिरी ताहरांच्या (डोंगरी रानबकऱ्यांच्या) विणीच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, पर्यटकांसाठी बंद असते. संशोधकांच्या परवान्याला त्या काळात कोणत्या अटी लागू होतात, हे परवाना हातात घेतानाच स्पष्ट करून घ्यावे.

कान कुठे तयार होतो

बुग्यालाच्या कडेला, म्हणजे खरसू ओक आणि ठेंगण्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या पट्ट्यात, पहाटे एकाच वेळी दहा-बारा जातींचे आवाज कानावर येतात: पर्णवटवटे, निळ्या टोपीचा रेडस्टार्ट, सोनेरी बुश रॉबिन, रोझफिंच, आणि खालच्या उतारावरून मोनाल या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याची शीळ. त्यांपैकी काही पक्षी आपल्याकडे हिवाळ्यात येतात. टिकेलचा पर्णवटवट्या किंवा सामान्य रोझफिंच ज्याने सह्याद्रीत पाहिला आहे त्याला ते ओळखता येतील असे वाटते, पण आपल्याकडे ते गात नाहीत, आणि वर कुरणात ओळख जवळजवळ पूर्णपणे गाण्यावरून करावी लागते. म्हणून पहिले दहा-बारा दिवस केवळ कान तयार करण्यात जातात, आणि सहा आठवड्यांच्या हंगामात ही किंमत मोठी आहे. प्रकल्पात पूर्वी काम केलेला सोबती असेल तर ती अर्ध्यावर येते.

शोला-गवताळ टेकड्यांवर जातींची संख्या फार कमी. निलगिरी तिरचिमणी, शेत तिरचिमणी, चंडोल, रुंद शेपटीचा गवतपक्षी, रंगीत लावरी, वर घिरट्या घालणारा खरुची. अनेक सकाळी वहीत चार-पाच नावांपलीकडे काही येत नाही. ज्याला याचा कंटाळा येईल त्याने जाऊ नये. परंतु येथे प्रत्येक नोंदीला वजन आहे, कारण निलगिरी तिरचिमणी जगात केवळ पश्चिम घाटाच्या या उंच गवताळ भागांतच आढळते, आणि वॉटल, पाइन व निलगिरी (युकॅलिप्टस) या झाडांची लागवड पसरल्यामुळे तिचे क्षेत्र आक्रसत आले आहे. ज्या बिंदूवर ती सापडत नाही तो शून्यही तितकाच कामाचा असतो. तिला शेत तिरचिमणीपासून वेगळे करणे सुरुवातीला अवघड जाते. पोटावरच्या ठळक रेघा पाहाव्यात, आणि उठवल्यावर ती पुष्कळदा झुडपावर किंवा झाडावर जाऊन बसते, हेही लक्षात ठेवावे. शोलाच्या कडेला उभे राहिल्यास जंगलातील शोलाकिली आणि काळा-नारिंगी माशीमार यांचे आवाजही गवतातल्या बिंदूवर ऐकू येतात. ते कोणत्या अधिवासातून आले हे लिहिण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

पद्धतीतील फरक

दोन्हीकडे बिंदुगणना (एका जागी उभे राहून मोजणे) आणि रेषागणना (ठरलेल्या रेषेवर चालत मोजणे) या दोनच मुख्य पद्धती चालतात, पण कोणती कुठे बसते हे उतार आणि वनस्पती ठरवतात. मोकळ्या गवतात पक्षी गप्प बसून राहतात आणि चालत गेल्यावरच उडतात, म्हणून शोला-टेकड्यांवर रेषागणना अधिक फलदायी ठरते. बुग्यालाच्या तीव्र उतारावर सरळ रेषेत चालणे, पायाखाली पाहणे आणि पक्षी पाहणे ही तीन कामे एकाच वेळी होत नाहीत. तेथे उंचीच्या पट्ट्यानुसार ठेवलेले बिंदू बरे. उतारावर लेझर अंतरमापकाने मिळणारे अंतर तिरके असते आणि घनतेच्या गणितात आडवे अंतर लागते, ही बाब प्रशिक्षणात सांगितली जात नाही असे पुष्कळदा दिसते. उपकरणात कोनदुरुस्तीची सोय असेल तर ती चालू आहे की नाही, हे रोज तपासावे.

आवाजाचा अडथळाही दोन्हीकडे वेगळा आहे. गढवालात वितळत्या बर्फाचे ओढे मे-जूनमध्ये जोरात वाहतात, आणि केदारनाथच्या दरीत यात्रेच्या दिवसांत हेलिकॉप्टरच्या फेऱ्या सकाळपासून सुरू असतात. दक्षिणेत मुख्य शत्रू वारा. गवतातील सळसळीत तिरचिमणीची बारीक हाक हरवून जाते. वाऱ्याची किती तीव्रता झाल्यावर गणना थांबवायची, ही मर्यादा लेखी ठरलेली नसेल, तर दोन निरीक्षकांच्या नोंदी एकत्र ठेवण्यात अर्थ राहत नाही.

शरीर, प्राणी, माणसे

2,500 मीटरच्या वर उंचीचा त्रास कोणालाही होऊ शकतो, आणि तरुण व सुदृढ असणे हे त्याविरुद्धचे संरक्षण नाही. 3,000 मीटरपुढे झोपण्याची जागा एका दिवसात 500 मीटरहून अधिक वर नेऊ नये, हा सर्वमान्य नियम आहे. प्रकल्पाच्या वेळापत्रकात त्यासाठी दिवस राखून ठेवलेले नसतील तर तसे स्पष्ट विचारावे. अस्वल आणि बिबट्या तेथे आहेतच, परंतु रोजच्या कामात अधिक धास्ती वाटते ती मेंढपाळांच्या कुत्र्यांची. कळप वर आल्यावर त्या मेंढपाळांशी आधी ओळख करून घेणे, हा सुरक्षिततेचाच भाग समजावा. निलगिरीत उंचीचा त्रास सहसा जाणवत नाही. तेथे गवे आणि हत्ती आहेत, आणि धुक्यात गवा वीस पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. एकट्याने कुरणात जाऊ नये, हा नियम दोन्हीकडे आहे, पण दक्षिणेत तो मोडणाऱ्याला लवकर धडा मिळतो.

भाषेच्या बाबतीत गढवाल मराठी माणसाला सोपे आहे, कारण हिंदीवर सगळे निभते. निलगिरी आणि पळणीत तमिळ, मुन्नारच्या बाजूला मल्याळमही लागते, आणि वनरक्षकाशी थेट बोलता न येणारा संशोधक दुभाष्यावर विसंबून राहतो. प्रवासखर्चात फार मोठे अंतर नाही. मात्र मे-जूनमध्ये चारधाम यात्रेमुळे ऋषिकेशच्या पुढे खोल्या महाग होतात आणि रस्ता तासन्‌तास अडतो, तर निलगिरी जिल्ह्यात व कोडाईकनालला वाहन नेण्यासाठी 2024 पासून ई-पास घ्यावा लागतो.

मग निवड कशी करावी

हा तुमचा पहिलाच हंगाम असेल, तर माझे मत दक्षिणेच्या बाजूने आहे. जाती थोड्या, सकाळी अधिक, चूक दुरुस्त करायला पुढचा आठवडा हाताशी. अंतर मोजणे, वाऱ्याची नोंद, शून्याची नोंद या सवयी तेथे जशा पक्क्या होतात तशा बुग्यालाच्या घाईत होत नाहीत. प्रबंध एकट्याने करायचा असेल तर हे मत मी आणखी आग्रहाने मांडेन. उलट, हवामानबदलामुळे पक्षी उंचीनुसार वर सरकत आहेत का, यासारखा प्रश्न तुमच्या डोक्यात असेल, तर बुग्यालाला पर्याय नाही: तेथे एकाच उतारावर जंगल, झुडूप, कुरण आणि खडक असे पट्टे ओळीने मिळतात. फक्त असे काम एका हंगामात उत्तर देत नाही. जुन्या नोंदी सांभाळून ठेवलेल्या आणि पुढेही चालणाऱ्या प्रकल्पातच त्यासाठी जावे. एकाच वर्षाचा निधी असलेल्या प्रकल्पात हा प्रश्न घेऊन गेल्यास हाती चांगली छायाचित्रे येतील.

ज्यांना नोकरी किंवा घरच्या जबाबदाऱ्यांमुळे सलग दोन-तीन महिने बाहेर राहता येत नाही, त्यांनी साताऱ्याच्या जांभ्याच्या पठारांचा गांभीर्याने विचार करावा. उंची 1,200 मीटरच्या आसपास असल्यामुळे हिमालयाच्या अर्थाने ती पर्वतीय कुरणे नाहीत. कास पठार 2012 साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आल्यापासून सगळ्यांचे लक्ष ऑगस्ट ते ऑक्टोबरमधील फुलांकडे असते, पक्ष्यांकडे कमी. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना करणारा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्ष्यांची संख्या जवळपास चौपट कमी, आणि त्यामुळे सरड्यांची संख्या वाढलेली आढळली. म्हणजे शनिवार-रविवार जाऊनही नीट आखलेल्या प्रश्नाला उत्तर मिळू शकते, अशी ही जागा आहे. मलबार चंडोल, तिरचिमणी, सापमार गरुड आणि हिवाळ्यात येणारे भोवत्ये (हॅरियर) मोजण्यासाठी दूरचा प्रवास लागत नाही, आणि बिंदुगणनेचा सराव करून मग गढवालला गेल्यास तेथे पद्धत शिकण्यात वेळ जात नाही, फक्त कान तयार करायचा उरतो.

संरक्षित क्षेत्रातील संशोधनासाठी त्या-त्या राज्याच्या मुख्य वन्यजीव संरक्षकांची परवानगी लागते आणि ती मिळण्यास काही महिने जाऊ शकतात. मार्चमध्ये दक्षिणेत किंवा मेमध्ये गढवालात उभे राहायचे असेल, तर आदल्या दिवाळीपर्यंत अर्ज गेलेला असावा. प्रकल्पात सामील होत असाल, तर तुमचे नाव त्या परवान्यावर आहे का, विमा कोण काढतो, स्थानिक सोबत्याला मजुरी कोण देतो आणि नोंदींचा वापर तुम्हाला पुढे करता येईल का, या चार गोष्टींची लेखी उत्तरे तिकीट काढण्याआधी मागून घ्यावीत.