गेट, ग्लोब, बॉल, बटरफ्लाय: दहा महिने हाताळल्यावर

गेल्या मोठ्या शटडाउनमध्ये आमच्या युटिलिटी लाइनवरचे (पाणी, वाफ वगैरे नेणाऱ्या पाइपांवरचे) २३ व्हॉल्व्ह बदलले, त्याला आता दहा महिने झाले. नवा व्हॉल्व्ह पहिल्या दिवशी कुणालाही आवडतो. व्हील मऊ फिरतं, ग्लँड (दांड्याभोवतीची गळती अडवणारी जागा) कोरडी असते, रंगही उडालेला नसतो. म्हणून लिहायला मुद्दाम उशीर केला. एक आधीच कबूल करतो: या काळात आलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त तक्रारींत व्हॉल्व्हचा दोष नव्हताच. आम्हीच त्याला भलत्या कामाला जुंपलं होतं.

सुरुवात गेट व्हॉल्व्हपासून, कारण सगळ्यात जुनं दुखणं तेच. एका हीट एक्स्चेंजरला कूलिंग वॉटर जरा जास्त जायचं, म्हणून तिथला २ इंची गेट वर्षानुवर्षं ‘चार आटे उघडा’ ठेवलेला होता. कुणी हात लावू नये म्हणून व्हील तारेने बांधलेलं. शटडाउनला लाइन पूर्ण बंद करायची वेळ आली तेव्हा तो पास होऊ लागला, म्हणजे बंद करूनही आतून गळू लागला. दोन जणांनी पाना लावून आवळला, तरी पलीकडे पाणी चालूच. खोलल्यावर कारण दिसलं. आतल्या पाचरीची खालची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती आणि सीटच्या, म्हणजे पाचर जिथे टेकते त्या, रिंगवर नख अडकेल असा चर पडला होता.

यात नवल काही नाही. गेटची पाचर प्रवाहाला आडवी, वरून खाली येते. पूर्ण वर गेली की पाइपाचं भोक मोकळं, पाण्याला वाटेत काही आडवं येतच नाही. अर्धवट ठेवली की सगळं पाणी खालच्या चंद्रकोरीएवढ्या फटीतून जोरात सुटतं, पाचर गाइडमध्ये थडथडत राहते आणि झीज नेमकी बंद होताना टेकायच्या जागी होते. शिवाय पहिल्या काही आट्यांतच बराचसा प्रवाह मिळून जातो, पुढे कितीही फिरवा, फारसा फरक पडत नाही. गेट एकतर पूर्ण उघडा ठेवायचा, नाहीतर पूर्ण बंद. मधलं त्याला मानवत नाही.

त्या जागी ग्लोब बसवला आणि तो विषय संपला. ग्लोबमध्ये पाणी वळसा घेऊन सीटच्या खालून वर येतं आणि डिस्क त्याच्यावर समोरून टेकते, त्यामुळे व्हील थोडं फिरवलं की प्रवाह थोडाच बदलतो. याची किंमत दाबात मोजावी लागते. पूर्ण उघडा ग्लोब साधारण ३४० व्यास लांबीच्या सरळ पाइपाइतका रोध करतो, गेट मात्र ८ व्यासांइतकाच. २ इंची लाइनवर म्हणजे एकीकडे १७ मीटर पाइप आणि दुसरीकडे जेमतेम हातभर. म्हणून ‘ग्लोब चांगला निघाला, आता सगळीकडे ग्लोबच लावू’ ही सूचना आली तेव्हा पंपावर पडणाऱ्या भाराची आठवण करून द्यावी लागली.

ऑपरेटर लोकांचा लाडका मात्र बॉल व्हॉल्व्ह. पाव फेऱ्यात काम होतं. हँडल पाइपाच्या रेषेत म्हणजे उघडा, आडवं म्हणजे बंद. रात्रपाळीला दहा पावलांवरून कळतं. गेल्या आठवड्यापर्यंत एकही पास झालेला नव्हता, कारण लाइनमधला दाबच आतल्या भोक असलेल्या गोळ्याला पलीकडच्या सीटवर रेटून धरतो. पण या पाव फेऱ्यानेच एकदा आम्हाला दणका दिला. टाकीकडे जाणारी १५० मीटरची लाइन भरून चालू होती. टाकी काठोकाठ आली म्हणून नवख्या पोराने हँडल एका झटक्यात मारलं. शेडमध्ये कुणीतरी घण घातल्यासारखा आवाज, गेजचा काटा टोकाला, आणि एका जुन्या फ्लँजच्या (बोल्टने आवळलेल्या सांध्याच्या) गॅस्केटमधून पिचकारी. तो बिचारा म्हणाला, “साहेब, मी फक्त बंद केला हो!”

खरंच त्याने फक्त बंद केला होता. चालत्या पाण्याचा सगळा स्तंभ एकदम अडला की दाबाची लाट मागे पळते. स्टीलच्या पाइपात तिचा वेग सेकंदाला साधारण १२०० मीटर. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्कीने १८९८ मध्ये मांडलेल्या हिशोबाप्रमाणे सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी असं थांबवलं की दाब सुमारे १२ बारने, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास बारापट, उसळतो. ‘असं’ म्हणजे लाट जाऊन परत यायच्या आत. आमच्या लाइनला त्यासाठी पाव सेकंद मिळतो आणि बॉल व्हॉल्व्हमध्ये प्रवाह खरा तुटतो तो शेवटच्या थोड्या फिरण्यात, म्हणजे एका झटक्यात सहज जमतं. तिथे आता गिअरबॉक्स आहे, बंद करायला बरेच फेरे मारावे लागतात. पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.

वाफेच्या लाइनवरही बॉल लावायचा मोह झाला होता. आमच्याकडे होते ते टेफ्लॉन सीटचे आणि तापमान वाढेल तसा त्या सीटचा झेपेल तो दाब घसरत जातो, साधारण २०० अंशांच्या आसपास त्यांची हद्द संपते. गेजवर १० बार दाखवणारी वाफच १८४ अंशांची. इतक्या काठावर कशाला चालायचं? वाफेला ग्लोबच ठेवले.

बटरफ्लायने सुरुवातीला बदनामी ओढवून घेतली. मोठ्या व्यासाला हलका, दोन फ्लँजमध्ये बसणारा, जागा कमी घेणारा. सहापैकी दोन पहिल्याच दिवशी पास होते. मालच खराब म्हणून परत पाठवायच्या तयारीत होतो. काढून पाहिलं तर रबराची ओठासारखी कड एका बाजूला दुमडून चिरलेली. पाइपाच्या फ्लँज पुरेशा न फाकवता व्हॉल्व्ह मध्ये ठोकून बसवला होता, तोही आतली फिरणारी तबकडी घट्ट बंद ठेवून. आता तबकडी किंचित उघडी ठेवून आत सरकवतो, मग बोल्ट शेवटचे आवळण्याआधी पूर्ण उघडून ती पाइपाला घासत नाही ना ते पाहतो. उरलेल्या चारांनी काही त्रास दिला नाही, नव्या रबरानंतर त्या दोघांनीही नाही. तेलाच्या लाइनवर मात्र ईपीडीएम जातीचं रबर चालत नाही, फुगतं.

एनआरव्हीबद्दल (पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हबद्दल) थोडक्यात. पंपाच्या डिलिव्हरीवरचा झुलत्या झडपेचा जुना प्रकार पंप ट्रिप झाला (अचानक बंद पडला) की धाडकन आपटायचा, कारण पाणी उलटं फिरल्यावर त्याला जाग यायची. स्प्रिंगवाला नवा आधीच मिटतो, आवाज नाही.

ग्लँडचं मात्र रामायण आहे. थेंब दिसला की पाना घेऊन नट पिळायची आमच्यात खोड आहे. आतल्या रिंगांचं पॅकिंग दाबून दगड होतं, स्पिंडल (व्हीलचा दांडा) जड होतो, मग व्हील फिरवायला पाइपाचा तुकडा लावायचा, मग स्पिंडल वाकतो. दोन्ही नट सारखे, थोडे थोडे आवळायचे आणि रिंगांचे सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत, एवढंच पाळलं तर पॅकिंग टिकतं.

पास होणारा व्हॉल्व्ह शोधायला माझी पद्धत जुनीच आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बॉडीवर टेकवायचं, मूठ कानाशी. बंद व्हॉल्व्ह गप्प असतो. गेल्या आठवड्यात एका ड्रेनच्या बॉल व्हॉल्व्हमध्ये बारीक सुस्स ऐकू आलं. चौकशी केल्यावर कळलं की बादली हळूहळू भरावी म्हणून सफाईवाले तो तासन्‌तास अर्ध्यावर ठेवत होते, आणि सीटची उघडी पडलेली कड पाण्याने खाल्ली. नवी सीट मागवली आहे. तोवर त्याचं हँडल काढून माझ्या खणात ठेवलंय.