छतात रॉकवूल भरलंय, असं मी धरून चाललो

निवृत्तीचा बहुतेक पैसा घालून आम्ही कोंढाळीजवळच्या झाडीतल्या प्लॉटवर लाकडी घर बांधलं. ठेकेदार म्हणाला, "काकाजी, एसी सोडा, कूलरसुद्धा जास्त लागणार नाही." नागपूरचा 45 अंशांचा मे महिना आयुष्यभर सोसलेल्या आम्हा दोघांना ते पटायला वेळ लागला नाही.

भिंतीत आणि छतात चार इंच रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेलं, उष्णता अडवणारं लोकरीसारखं भरण, असं तोंडी ठरलं. करारात मात्र 'इन्सुलेशनसह' एवढाच शब्द होता. मी सही केली.

पहिल्याच उन्हाळ्यात दुपारी छताच्या फळीला हात लावला की चटका बसायचा. "लाकूड नवं आहे, एक पावसाळा जाऊ द्या," असं तो म्हणाला. पावसाळा गेला, शेवटचा हप्ताही गेला. पुढच्या मेमध्ये पंख्याचा हूक बदलायला इलेक्ट्रिशियननं फळी काढली. कडेला थर्मोकोलचे अर्ध्या इंचाचे तुकडे, बाकी पत्र्यापर्यंत सगळं रिकामं. खालून बायको विचारत होती, "काय दिसते जी?" मला बोलवेना.

विटांची जाड भिंत उशिरा तापते. लाकडी भिंत हलकी असते, तिच्या पोटातला थरच ऊन अडवतो. शिवाय रॉकवूल जळत नाही, थर्मोकोल पेट घेतं. झाडीतल्या लाकडी घरात आम्ही दोघं वर्षभर त्याखाली झोपलो, याचा मला अजून राग येतो.

सागवानातही तेच. चौकटींना गडद पॉलिश होतं. उधई लागली तेव्हा खरवडून पाहिलं, तर सालीजवळचं पांढरं लाकूड निघालं. सागाचा टिकाऊपणा गाभ्याच्या सोनेरी-तपकिरी लाकडात असतो. म्हणून पॉलिश चढण्याआधीच चौकटी उजेडात पाहून घ्या.

करारात रॉकवूलची जाडी आणि घनता आकड्यांत लिहून घ्या. माल साइटवर आला की पाकिटावरचे आकडे जुळवा. फळ्या ठोकण्याआधी प्रत्येक कप्प्याचे फोटो स्वतः काढा आणि ते हातात येईपर्यंत त्या टप्प्याचा हप्ता देऊ नका. तो कितीही घाई करो, "कारागीर बसून आहेत" म्हणो. मला हेच सांगून दोनदा चेक नेला.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. त्यासाठी 2 वर्षांची मुदत असते, त्यामुळे समजुतीच्या बोलण्यात दिवस घालवू नका. छत आता दिवाळीनंतर पुन्हा उघडणार आहोत. यावेळी फळी बंद होईपर्यंत मी शिडीजवळच खुर्ची टाकून बसणार आहे.