खिळे जुळवावेत की प्लेट करून घ्यावी?

लेटरप्रेस मुद्रण हातकला म्हणून शिकायचे ठरले, की यंत्र किंवा कागद निवडण्याच्याही आधी एक निर्णय घ्यावा लागतो: मजकूर शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे एकेका अक्षराच्या सुट्या धातूच्या ठशांनी जुळवायचा, की संगणकावर रचून त्याची फोटोपॉलिमर प्लेट करून घ्यायची? दोन्ही मार्गांत उठावाला शाई लागते आणि तो कागदावर दाबला जातो. शिकणाऱ्याच्या हाताला आणि डोळ्याला वळण मात्र फार निराळे लागते.

खिळे जुळवताना डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवण्याची छोटी धातूची पट्टी, धरायची, खिळ्याची खाच वरच्या बाजूला ठेवायची आणि उलटी दिसणारी अक्षरे डावीकडून उजवीकडे लावत जायचे. हे डोळ्याला काही दिवसांत सरावाचे होते. खरी कसोटी ओळ घट्ट बसवण्याची असते, कारण सैल ओळीतले खिळे छापताना डुलतात, वर येतात आणि कधी सुटून पडतात. मी सुरुवात प्लेटने केली होती आणि माझी पहिली कार्डे स्वच्छ छापली गेली होती. पण पुढे खिळे हाती घेतले तेव्हा पहिल्या दुपारी चारच ओळी झाल्या आणि त्यांतली एक, जुळवलेला मजकूर आवळून धरणारी चौकट उचलताच, सुटली. त्या ओळीत एका पॉइंटाची (पॉइंट म्हणजे इंचाचा साधारण बहात्तरावा भाग) पितळी आणि अर्ध्या पॉइंटाची तांब्याची पत्ती घालून ती पुन्हा बसवली, तेव्हा दोन शब्दांमधली कोरी जागासुद्धा धातूची असते आणि ती बोटांनी मोजता येते, हे मला प्रथमच कळले. पडद्यावर वर्षानुवर्षे मजकूर रचूनही ही समज मला आली नव्हती.

या मार्गाच्या मर्यादाही खऱ्या आहेत. केसमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला वेगळे घर असलेल्या पेटीत, जेवढे खिळे असतील तेवढाच मजकूर एका वेळी जुळतो, आणि एखादे अक्षर संपले तर वाक्यच बदलावे लागते. देवनागरीसाठी मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे घरांची संख्या रोमनपेक्षा कितीतरी वाढते. छपाई झाल्यावर प्रत्येक खिळा आपल्या घरात परत टाकावा लागतो. धातूत शिसे असल्यामुळे काम करताना काही खायचे नाही आणि उठल्यावर हात नीट धुवायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

फोटोपॉलिमरमध्ये फिल्मच्या निगेटिव्हमधून अतिनील प्रकाश पडतो, प्रकाश लागलेला भाग कडक होतो आणि उरलेला बहुतेक प्रकारांत साध्या पाण्याने धुऊन निघतो. ही पातळ प्लेट धातूच्या बैठकीवर चिकटवली, की दोन्हींची मिळून उंची खिळ्याइतकी, म्हणजे 0.918 इंच भरते. कोणतीही लिपी, हस्ताक्षर किंवा रेखाचित्र तिच्यावर उतरते. फक्त अतिशय बारीक रेघा आणि सुटे ठिपके धुताना निघून जाण्याचा धोका असतो. कागदात खोल रुतलेला ठसा हवा असेल तर प्लेटच घ्यावी, कारण तशा दाबाने खिळे झिजतात आणि जुना टाइप पुन्हा मिळवणे अवघड असते. उलट, प्लेटवर एक अनुस्वार चुकला तरी नवी प्लेट करावी लागते. खिळ्यांत तीच दुरुस्ती चिमट्याने मिनिटभरात होते.

चौकट आवळणे, शाई किती घ्यायची ते ठरवणे, रोलरची उंची जुळवणे आणि ठसा फिका उठतो तिथे मागून पातळ कागदाचे तुकडे लावणे ही कामे दोन्हीकडे सारखीच आहेत, त्यामुळे प्लेट म्हणजे लबाडी हा आक्षेप मला मान्य नाही. चित्रकाराने किंवा सुलेखनकाराने निःशंकपणे प्लेटपासून सुरुवात करावी. ज्याला अक्षररचना शिकायची आहे त्याने मात्र पहिले काही महिने खिळ्यांनाच द्यावेत, मजकूर चार ओळींचा असला तरी चालेल, आणि प्लेटकडे त्यानंतर वळावे. संगणकावर ओळींमधले अंतर ठरवताना त्याचा हात वेगळा चालेल.

खिळ्यांची कार्यशाळा निवडताना एखादी केस उघडून पाहू द्यावी, अशी विनंती करावी. दोन-तीन घरांतले खिळे चिमटीत घेऊन ते आपापल्या घरातलेच आहेत ना, हे तपासावे. भलतीच अक्षरे मिसळलेली निघाली, तर शिकण्याचा निम्मा वेळ ती निवडण्यातच जाईल.