दहा दिवसांचे तयार समर कॅम्प किट: बालवाडी आणि पाळणाघराने घ्यावे का?

वीस मुलांचे दहा दिवसांचे सामान, रोजचा तक्ता, ताईंसाठी सूचनापुस्तिका आणि शेवटच्या दिवशी वाटायची प्रमाणपत्रे. ऑनलाइन मिळणाऱ्या तयार किटचा साचा साधारण हाच असतो, मग खोक्यावर नाव कोणतेही असो. आमचे मत आधीच सांगतो: चार-पाच वर्षांच्या गटाला यातले निम्मे सामान कामाचे आहे. दोन-तीन वर्षांच्या गटासाठी हे किट घेऊ नये.

मुख्य दोष असा की किट बनवताना घरी न्यायची वस्तू आधी ठरते आणि मुलांच्या हाताला काम काय, हे नंतर. कागदी डिशचा सिंह घ्या. आयाळीच्या पट्ट्या कापून आलेल्या, डोळे तयार, नाक तयार. मुलाने फक्त चिकटवायचे. तेही ठरलेल्या जागी बसत नाही, म्हणून ताई मागून सरळ करतात. तक्त्यात अशा कृतीला पाऊण तास दिलेला असतो. तीन वर्षांचे मूल एका कामात दहा-बारा मिनिटे रमते, मग उठते. उरलेला अर्धा तास ताई एकेक सिंह पुरा करत बसतात आणि बाकीची मुले मोकाट.

खोके उघडताच आधी बारीक वस्तू वेगळ्या काढा. हलणारे डोळे, मणी, लोकरीचे छोटे गोंडे, चकाकी (ग्लिटर). साधी कसोटी अशी: ३१.७ मिमी व्यासाच्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. चकाकी डोळ्यांत जाते आणि चोळल्यावर बुबुळाला ओरखडा पडतो. तिच्या जागी रंगवलेला रवा चालतो: वाटीभर रव्याला चमचाभर पाण्यात कालवलेला खायचा रंग चोळायचा आणि सावलीत वाळवायचा. रांगोळी मात्र वापरू नका, तिची धूळ श्वासातून आत जाते. पाण्यात फुगणारे जेलचे मणी कुठल्याच वयोगटाला देऊ नका. गिळले तर ते आतड्यात फुगतात. किटमध्ये खेळणी असतील तर त्यांवर आयएसआय चिन्ह हवेच, १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे. चिन्हाखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो.

किटमधला पांढरा गोंद सुकायला वेळ घेतो. मूल चित्र उचलते आणि सगळे घसरते. लहान गटाला मैद्याची खळ बरी. एक वाटी मैदा पाच वाट्या थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. उन्हाळ्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून रोजची रोज करा.

रंगीत क्लेच्या कांड्यांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण मुलांना यातले सर्वांत जास्त आवडते तेच आणि किटमध्ये सर्वांत कमी येते तेही तेच. मुलामागे एक-दोन बोटभर कांड्या. तेवढ्यात साप होतो, पोळी होत नाही. शिवाय त्या घट्ट असतात, अडीच वर्षांच्या बोटांना दबत नाहीत. घरचे पीठ करा: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे तेल, एका लिंबाचा रस. सगळे एकत्र कालवून मंद आचेवर चार-पाच मिनिटे, कढईची कड सुटेपर्यंत ढवळायचे आणि कोमट झाल्यावर मळायचे. आठ-दहा मुलांना मोठ्या लिंबाएवढा गोळा मिळतो. हाताला चिकटले तर शिजायला कमी पडले आहे, पुन्हा आचेवर ठेवा. भेगा पडल्या तर जास्त शिजले आहे, तेलाचे थेंब घालून मळा. कोकणात मीठ हवेतली ओल ओढते आणि गोळ्याला पाणी सुटते. कोरडा मैदा भुरभुरवा. विदर्भात उलट, तासाभरात कडक होते. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. मीठ भरपूर आहे, म्हणून कुणी घास घेत नाही ना यावर लक्ष हवे. न शिजवलेली, बिनमिठाची कणीक द्याल तर दुपारपर्यंत आंबट वास येतो.

पाण्याचे खेळ बहुतेक किटमध्ये नसतातच, कारण पाणी खोक्यात भरून विकता येत नाही. उन्हाळी शिबिरात नेमके तेच हवे. पसरट टबात चार बोटे पाणी, स्पंज, गाळणी, स्टीलचे पेले. एवढ्यावर पाच मुले वीस मिनिटे गुंततात. टबाशी बसलेल्या ताईने दुसरे काही करायचे नाही, फोन घ्यायलाही उठायचे नाही. दोन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकते. खेळ संपला की टब तिथल्या तिथे उपडा करा. बर्फ द्यायचा तर सुटे खडे नकोत. वाटीभर पाण्यात प्लास्टिकचा मोठा प्राणी ठेवून रात्रभर गोठवा आणि मुलांना कोमट पाण्याने तो ‘सोडवू’ द्या.

रंगांसाठी किटमधल्या नळ्यांपेक्षा हळदीचा कागद सरस. अर्ध्या वाटी पाण्यात दोन चमचे हळद, मोठ्या ब्रशने कागदभर फासायची आणि पूर्ण वाळू द्यायची. मग वाटीभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवून त्यात बोट बुडवून रेघ ओढली की ती तांबूस उमटते. कागद ओला असेल तर रेघ फुटते. कपड्यांवरचा डाग धुऊन उन्हात टाकला की बराच फिका होतो. भेंडीचे ठसेही उत्तम, फक्त भेंडी आदल्या रात्री कापून सुकवा, नाहीतर चिकट पाण्यात रंग पसरतो.

भरणे-ओतण्याच्या खेळाला पुस्तिकेत अनेकदा राजमा, चणे सुचवलेले असतात. ते नको. नाकात गेलेला चणा ओलाव्याने फुगतो आणि कच्चा राजमा पोटात गेला तर विषारी आहे. जाडे पोहे किंवा रवा द्या. बिया, पाने, शिंपले, माती हे भोवतालचे सामान तर आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी गावातल्या बालवाडीत रुजवले. तिथे खोके मागवावे लागत नव्हते.

वेळापत्रक बदलूनच वापरा. साडेआठ ते अकरा पुरे. अंगणातले खेळ आणि पाणी साडेनऊच्या आत, मग सावलीत बसून हातकाम, मग खाऊ आणि गोष्ट. दर अर्ध्या तासाला पाणी सगळ्यांना एकदम पाजा. ‘तहान लागली’ म्हणायला या वयाचे मूल खेळ सोडून येत नाही. खाऊत पन्हे, ताक, कलिंगडाच्या बी काढलेल्या फोडी. द्राक्षे उभी चिरून.

किटमधले ठेवण्यासारखे: जाड तिकोनी खडू, बोथट टोकाच्या कात्र्या (चार वर्षांवरच्या गटाला, त्याखाली कागद फाडणे हीच कृती), कोरे जाड कागद, कापडी मुखवटे. मेणाचे खडू पत्र्याच्या खोलीत ठेवले तर मऊ पडून एकमेकांना चिकटतात.

मागवण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: मुलामागे क्ले किती ग्रॅम, वयोगट दोन ते तीन आणि चार ते पाच असा वेगळा आहे का, आणि एखाद-दुसरा संच जादा येतो का. वीस मुलांना मोजून वीस संच आले तर पहिल्याच दिवशी एक फाटतो आणि एक मूल रिकाम्या हाताने बसते. किंमत मुलामागे मोजू नका, चालणाऱ्या कृतीमागे मोजा. दहांपैकी चारच कृती तुमच्या गटाला झेपणार असतील तर प्रत्येक कृती अडीचपट महाग पडते. त्या पैशांत दोन मोठे टब, डझनभर स्पंज आणि दहा दिवसांचा मैदा येतो.