दूधसागरची ‘परवानगी’ विकणारे

जुलै-ऑगस्टमध्ये गोव्यातल्या दूधसागर धबधब्याला नेतो म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर यूपीआयचा पिन दाबण्याआधी हे वाचा.

आमच्याकडून माणशी अडीच हजार घेतले. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘रेल्वे आणि फॉरेस्टची परवानगी आमची, लाइफ जॅकेटसकट जीप सफारी’. पावती मागितल्यावर व्हॉट्सॲपवर एक रंगीत चित्र आलं, त्यावर ना पत्ता ना नोंदणी क्रमांक. रात्रभर बस, सकाळी कुळे. जीप नव्हतीच. चहावाला हसला. “पावसात जीप? ओढे भरलेत. आता ऑक्टोबरात या.” भगवान महावीर अभयारण्यातून धबधब्याकडे जाणाऱ्या जीपा पावसाळाभर बंद असतात, हे अख्ख्या गावाला ठाऊक!

मग आमचे ‘लीडर’ म्हणाले, रुळांवरून चालत जाऊ, माझी ओळख आहे. थोडं पुढे गेलो तर रेल्वे पोलीस उभे. परवानगीचा कागद मागितला, तेव्हा लीडरसाहेब फोन कानाला लावून मागच्या मागे सटकले. रुळांवरून चालणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. जुलै 2023 मध्ये तर इथे पोहोचलेल्या पर्यटकांना उठाबशा काढायला लावल्या होत्या. आम्ही पोलिसांचा दम ऐकून सुटलो.

खरी मेख पुढेच आहे. पैसे परत मागितले तर उत्तर आलं, “सरकारनं अडवलं, त्याला आम्ही काय करणार? नो रिफंड.” म्हणजे पोलिसांनी अडवणं हे त्यांच्या हिशेबातच होतं. जीपचं भाडं वाचलं, वनखात्याचं शुल्क वाचलं, जॅकेटं वाचली. खर्च काय तो बसचा. वर बहाणा सरकारी, त्यामुळे बरेच जण नशिबाला दोष देऊन गप्प बसतात.

आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे गेल्यावर हा फोन जितक्या लवकर कराल तितकं बरं, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखता येण्याची शक्यता असते. जाहिरात, चॅट, व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट लगेच काढा. आमच्या ग्रुपवरचे मेसेज संध्याकाळपर्यंत डिलीट झाले होते.

पावसातला दूधसागर पाहायचाच असेल, तर तिकीट काढून कॅसलरॉक-कुळे घाटातून दिवसाउजेडी जाणाऱ्या गाडीत बसा. खिडकीतून दिसतो.