कार्कासॉनची ‘इन्स अँड कथीड्रल्स’ पेटी: कोणी घ्यावी, कोणी थांबावं

टाइल्स जोडून शहरं आणि रस्ते बांधायचा बोर्डगेम कार्कासॉन घरात आहे, भरपूर डाव झालेत, आता पुढची पेटी कोणती, असा प्रश्न असेल तर आमचं उत्तर ‘इन्स अँड कथीड्रल्स’. मूळ खेळ क्लाउस-युर्गेन व्रेडे यांचा, २००० सालचा. ही त्याची पहिली मोठी एक्स्पान्शन (मूळ खेळात भर घालणारी पेटी), २००२ची. आत १८ टाइल्स, सहाही रंगांची एकेक मोठी सोंगटी (मीपल), सहाव्या खेळाडूचा संच आणि ५०/१०० गुणांच्या चकत्या. पैशांच्या मानाने ऐवज बेताचाच दिसतो. पण या १८ टाइल्सनी खेळात एक नवी भीती आणली आहे, आणि पैसे तिचेच आहेत.

मूळ खेळात अर्धवट राहिलेल्या शहरालाही शेवटी टाइलमागे आणि ढालीमागे (काही शहरी टाइल्सवरचं जादा गुणांचं चिन्ह) १ गुण मिळतो. त्यामुळे मोठं शहर सुरू करण्यात फारसा धोका नसतो, काही ना काही पदरात पडतंच. कथीड्रलची टाइल त्या शहरात आली की पूर्ण झाल्यावर प्रत्येक टाइलचे आणि प्रत्येक ढालीचे २ ऐवजी ३ गुण. अपूर्ण राहिलं तर शून्य. खाणावळीचंही (इन) तसंच. जिच्या कडेला खाणावळ आहे तो रस्ता पूर्ण झाला तर टाइलमागे १ ऐवजी २, नाही झाला तर काही नाही.

कागदावर हे बोनससारखं वाटतं. पटावर बघा. समोरच्याचं ७ टाइल्सचं शहर आहे, २ ढाली, २ तोंडं उघडी. दोन टाइल्सनी ते बंद केलं तर त्याला २२ गुण. राहूनच गेलं तरी ९. आता तुमच्या हाती कथीड्रल आली. ती टाइल चारही बाजूंनी शहराची, म्हणून उघड्या तोंडाला चपखल बसते. एक तोंड बुजतं, तीन नवी उघडतात. आता चार तोंडं बंद करायला चार टाइल्स लागल्या, तर शहर १२ टाइल्सचं होतं आणि गुण होतात ४२. पण ढिगात दहाच टाइल्स उरल्या असतील तर ते शहर गेलंच म्हणून समजा, आणि त्यात अडकलेली सोंगटीही डाव संपेपर्यंत परत येत नाही. डावाच्या सुरुवातीला जी टाइल बक्षीस, तीच शेवटच्या पाळ्यांत हत्यार. शेवटची पंधरा-वीस मिनिटं टाइल्स मोजत खेळावी लागतात: तीन बाजूंना शहर आणि चौथीला रस्ता अशा टाइल्स मूळ पेटीत फक्त ३ आहेत, त्यातल्या किती बाहेर आल्या? ज्यांना असं मोजण्यात मजा येते, त्यांनी दुसरा विचार करू नये.

शहरात किंवा रस्त्यावर ज्याच्या सोंगट्या जास्त त्याला गुण; मोठी सोंगटी हे वर्चस्व मोजताना दोन धरली जाते, बस्स. तिने गुण दुप्पट होत नाहीत. नव्याने खेळणाऱ्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. तिचा खरा उपयोग दुसऱ्याच्या शहरात घुसखोरीला. शेजारी वेगळा तुकडा सुरू करायचा, त्यात मोठी सोंगटी ठेवायची आणि जोडणाऱ्या टाइलची वाट पाहायची. साध्या सोंगटीने गेलात तर बरोबरी होते आणि दोघांनाही पूर्ण गुण मिळतात; मोठीने गेलात तर सगळे तुमचे. शेतातही ती चालते, आणि तिथे ती फार महागात पडू शकते, कारण शेतकरी (शेतात ठेवलेली सोंगटी) शेवटपर्यंत उठत नाही. एकच मोठी सोंगटी, ती दहाव्या पाळीला शेतात झोपवली की उरलेल्या डावात शहरं राखायला काहीच हाती नसतं.

नियमांत आणखी दोन ठिकाणी वाद होतात. एकाच शहरात दोन कथीड्रल आल्या तरी टाइलमागे ३च. एका रस्त्यावर दोन खाणावळी आल्या तरी २च. आणि टाइलवर एकाहून जास्त रस्ते असतील तर खाणावळ ज्याला लागून आहे त्याच रस्त्याला लागू. चित्र नीट बघून मगच सोंगटी ठेवा.

सहा जण बसणार असतील तर हिशेब सोपा आहे. मूळ ७२ टाइल्समधली एक आधीच पटावर, उरलेल्या ७१ सहा जणांत वाटल्या तर वाट्याला जेमतेम १२ पाळ्या येतात. ९० टाइल्सवर त्या १५च्या आसपास जातात, म्हणजे मूळ खेळ पाच जणांत खेळण्याइतक्या. मात्र एका पाळीनंतर पुढची यायला पाच जणांचा विचार संपावा लागतो. चार हीच या पेटीची खरी संख्या. दोघांनाही ती छान चालते, फक्त डाव पाव हिश्शाने लांबतो आणि खूप झोंबरा होतो.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांबरोबर खेळत असाल तर थांबा. मेहनतीने वाढवलेल्या शहराचे शून्य गुण झालेले मुलांना सहन होत नाहीत, आणि ते बरोबरही आहे. एकमेकांच्या शहरात न घुसता शांतपणे आपापलं बांधणारी मंडळी असतील तर ‘ट्रेडर्स अँड बिल्डर्स’ घ्या: २४ टाइल्स, जादा पाळी देणारा बिल्डर, शिवाय टाइल्स काढायला कापडी थैली. मूळ खेळच अजून घेतला नसेल तर ‘बिग बॉक्स’ची (मूळ खेळ आणि एक्स्पान्शन एकत्र असलेली पेटी) किंमत आधी पाहा, या दोन्ही पेट्या त्यात असतात.

घेताना आवृत्ती जुळवा. २०१४ साली चित्रं नव्याने काढली गेली. जुन्या पटात नव्या टाइल्स चालतात, पण डोळ्याला खुपतात. टाइल्सवर मजकूर नसतो, त्यामुळे जर्मनीहून कोणी आणून देत असेल तर जर्मन पेटीही चालेल. फक्त पेटीवर ‘मूळ खेळ आवश्यक’ असतं ते विसरू नका, ही एकटी खेळता येत नाही.

आणि मिसळण्याआधी १८ टाइल्सचा एक फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढे त्या वेगळ्या काढता येतील. वापरून कोपरे गोलावलेल्या जुन्या टाइल्समध्ये कोऱ्या टाइल्स पाठीवरूनही ओळखू येतात, थैलीत तर बोटांनाही कळतात. पावसाळ्यात दमट हवेने पुठ्ठा वाकतो, तेव्हा हे आणखी वाढतं. सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून पेटी बंद ठेवा, आणि टाइल काढताना चाचपायचं नाही, पहिली हाताला लागेल तीच, असा नियम डावाआधीच ठरवून घ्या.