क्यूसी केमिस्टच्या मुलाखतीचा सराव: फोंड्यातला एक वर्ग

एमएस्सी केमिस्ट्री करून वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये (क्यूसी) शिरायचं असेल, तर मुलाखतीआधी गोव्यात फोंड्यातल्या या वर्गाला जाच. एक निवृत्त क्यूसी मॅनेजर आपल्या घराच्या खालच्या खोलीत तो घेतात. पाटी नाही, जाहिरात नाही. नाव कुठे छापून आलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून मीही देत नाही. केमिस्ट्रीच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलंत तर नंबर लगेच मिळतो. मी सांखळीहून जात असे. आता मी वेर्ण्याला कामाला आहे आणि त्या खोलीत जे विचारलं गेलं ते मला रोज उपयोगी पडतं.

मुलाखतीची तयारी म्हणून आपण सगळे काय करतो? यूट्यूबवरचे 'टॉप पन्नास प्रश्न' पाठ करतो. सर पाठांतराला जागाच ठेवत नाहीत. आत गेलं की 'स्वतःबद्दल सांगा' वगैरे काही नाही. ते बायोडेटा पुढे ओढतात आणि एका ओळीवर बोट ठेवतात. माझ्या बायोडेटात प्रोजेक्टसाठी एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) वापरल्याचं लिहिलं होतं.

"कॉलम खंयचो?"

"सी-१८, सर."

"कित्याक सी-१८?"

उत्तर दिलं की पुन्हा कित्याक, म्हणजे 'का'. मोबाइल फेज (कॉलम नावाच्या नळीतून वाहणारं द्रावण) तीच का, वेव्हलेंग्थ तीच का, बफरचा पीएच तेवढाच का. तिसऱ्या-चौथ्या 'कित्याक'ला आपण खरंच काय केलंय आणि गाइडने सांगितलं म्हणून काय केलंय हे उघडं पडतं. सर रागावत नाहीत. "ही ओळ बायोडेटांत दवरतली जाल्यार ती तुका येवंक जाय, बाय," (ओळ ठेवायची तर ती तुला आली पाहिजे) एवढंच म्हणतात आणि पुढच्या ओळीवर जातात.

आलेखावरचं पीक (उंचवटा) फाटलं, म्हणजे दुभंगलं, तर काय करशील, हा त्यांचा लाडका प्रश्न. बहुतेक मुलं 'कॉलम बदलू' म्हणतात. सरांना क्रम हवा असतो. आधी बघ, सगळी पीक्स फाटलीत की एकच? सगळीच फाटली असतील तर कॉलमच्या तोंडाशी दोष शोध: फ्रिट (तिथली गाळणी) चोंदलं असेल, नाहीतर आत पोकळी झाली असेल. सुरुवातीचीच बिघडली असतील तर सॅम्पल कशात विरघळवलंय ते बघ. मोबाइल फेजपेक्षा तीव्र सॉल्व्हंट असेल तर असं होतं. मधलं एखादंच फाटलं असेल तर तिथे दोन पदार्थ जवळजवळ बाहेर पडत असतील. एवढं नीट बोलणारा उमेदवार यंत्रासमोर उभा राहिलेला आहे, हे समोरच्याला तेव्हाच कळतं.

मला सगळ्यात आवडलेला भाग कागदाचा. सर वजनाच्या नोंदीचं एक पान हातात देतात आणि चुका काढायला सांगतात. पान त्यांनी स्वतः तयार केलेलं. एका आकड्यावर दुसरा आकडा गिरवलेला. एके ठिकाणी व्हाइटनर. एक सही तारखेशिवाय. या तीन सगळ्यांना दिसतात. चौथी दिसायला वेळ लागतो: बॅलन्सच्या प्रिंटवरची वेळ सोल्यूशन तयार केल्याच्या वेळेनंतरची आहे. वजन करायच्या आधीच सोल्यूशन कसं झालं? नोंद कुणी केली ते कळलं पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, काम करतानाच लिहिलेली, मूळ आणि अचूक असली पाहिजे, हे 'अल्कोआ'चे पाच नियम मी कॉलेजात लिहून काढले होते. डोक्यात बसले ते या पानामुळे. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. हे सर तिथल्या तिथे करून घेतात.

आणि ओओएस, म्हणजे ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेला निकाल. मर्यादा ९५ ते १०५ टक्के आहे, तुझा अ‍ॅसे (औषधातल्या मुख्य घटकाचं प्रमाण) ९३.८ आला, आता काय? 'परत इंजेक्ट करू' म्हटलं की सर पेन खाली ठेवतात आणि बाकी सगळं बाजूला सारून यावरच बोलतात. चांगला आकडा येईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासण्याची सवय अमेरिकेतल्या कोर्टाने १९९३ साली बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात कशी मोडून काढली, त्यावर एफडीएची (तिथल्या औषध नियामक संस्थेची) मार्गदर्शिका २००६ साली कशी पक्की झाली आणि २०२२ साली ती सुधारली, हे ते गोष्टीसारखं सांगतात. मग क्रम: सोल्यूशन्स फेकायची नाहीत, सुपरवायझरला लगेच सांगायचं, मग गणित, स्टँडर्डचं वजन, डायल्यूशन, काचेची भांडी, यंत्र असं तपासत जायचं. लॅबची चूक सिद्ध झाली तरच तो निकाल रद्द होतो. माझ्या खऱ्या मुलाखतीत हा प्रश्न आला होता.

सत्तरी-डिचोलीकडच्या मुलांसाठी अजून एक सांगते. आमची प्राथमिक शाळा मराठी, घरात कोंकणी, पुढे इंग्रजी. विषय येत असतो आणि पॅनेलसमोर वाक्य अडकतं. सर उत्तर आधी कोंकणीत किंवा मराठीत सांगायला लावतात. तिथे ते सरळ आलं की मग तेच इंग्रजीत, छोट्या छोट्या वाक्यांत. माझ्याबरोबरची एक मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा मान वर करत नव्हती. हळूहळू ती सरांनाच उलट प्रश्न विचारू लागली. हे मला फार मोलाचं वाटतं.

आता उणिवा. एचआरचा भाग कच्चा आहे. 'तुमची बलस्थानं, तुमच्या त्रुटी' यांच्या तयार उत्तरांची एक झेरॉक्स मिळते आणि सगळे तेच म्हणतात. ती घरीच ठेवा. पगाराची बोलणी कशी करायची यावर काहीच होत नाही. आम्हा मुलींना नाइट शिफ्ट आणि लग्नाबद्दल हमखास विचारतात. त्याचा सराव घ्यायलाच हवा. मी सरांना तसं सांगितलंय आणि त्यांनी लिहूनही घेतलंय.

सरकारी नोकरीसाठी इथे येऊ नका, हे सर स्वतःच सांगतात. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून क आणि ड गटांच्या मुलाखती बंद केल्या. आपल्याकडे गोव्यात कर्मचारी निवड आयोगाचा भर कॉम्प्युटरवरच्या परीक्षेवर, आणि लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीची तयारी वेगळीच करावी लागते.

फी चार बैठकांची १,८०० रुपये, रोख किंवा यूपीआय. जाताना बायोडेटाच्या दोन प्रती आणि प्रोजेक्टचा रिपोर्ट न्या. रिपोर्टवरून फार प्रश्न येतात. रविवारी गर्दी असते, वाट्याला जेमतेम पंधरा मिनिटं येतात. शनिवारी दुपारची वेळ मागा.